भाग जाणारी संख्या

साखरपुड्याच्या हॉलमध्ये शाल्मलीने तपासणीचं यंत्र टेबलावर ठेवलं. तिला ओळखताच नवऱ्या मुलाची आई, कुमुदिनीबाई, बोलायच्या थांबल्या.

जन्माला येताच प्रत्येकाला एक लांबलचक संख्या मिळे. ती मूळ संख्या असली, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच तिला भाग जात नसला, की घराण्याला मान. पूर्वी शाल्मलीचा साखरपुडा याच बाईंच्या मुलाशी, नीरदशी ठरला होता. तेव्हा बाईंनी यंत्राची वाटसुद्धा पाहिली नव्हती. सगळ्या पाहुण्यांसमोर, बोटांच्या पेरांवर, तिच्या संख्येतल्या आकड्यांची मोठमोठ्याने बेरीज केली होती.

"तीनने भाग जातोय! असली फुटकी संख्या आमच्या घरात नको." लोक हसले होते.

आज नीरदसाठी दुसरी मुलगी होती. जुनी यंत्रं त्याची संख्या 'बहुधा मूळ' एवढंच सांगत, म्हणून मुलीच्या वडिलांनी खात्रीने सांगणाऱ्या नव्या यंत्राचा आग्रह धरला होता, आणि ते चालवायला शाल्मली आली होती.

यंत्र थांबलं. शाल्मलीने पडदा वाचला आणि बाईंकडे पाहिलं. बाई समजल्या. तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बाळ, हळू सांग गं. चार लोक जमलेत."

"तेव्हाही जमले होते, काकू."

तिने माइक जवळ ओढला.

"मुलाच्या संख्येला भाग जातो. कशाने, तेही सांगते."

तिचा विभाजक एका आकड्याचा होता. नीरदचा पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला होता. ती एकेक आकडा सावकाश वाचू लागली.