चुकला तर चुकला

पगार बास्केटमध्ये बॉल टाकण्याचा, आणि या सीझनला नेमकं तेवढंच त्याला जमत नव्हतं. प्रत्येक बॉल रिंगवर आपटून ठण्णकन परत यायचा, म्हणून टीमने त्याचं नाव 'घंटी' ठेवलं होतं. आता तोही त्या नावाला ओ द्यायचा. जन्मात बॉल हातात न धरलेली आई त्याला रोज शिकवायची, "अरे, चुकला तर चुकला म्हणायचं आणि फेकायचा. एवढं काय जिवाला लावून घेतोस?"

"आई, मी प्रोफेशनल आहे," तो म्हणायचा, आणि त्याचं त्यालाच हसू यायचं.

फायनलचे शेवटचे क्षण. टीम दोन पॉइंट मागे, आणि त्याच्या वाट्याला एकेका पॉइंटचे दोन फ्री थ्रो. पहिला चुकला, त्यात नवल काहीच नव्हतं. आता दुसरा आत गेला तरी हार ठरलेली. तो रिंगवर आपटून परत आला आणि एखाद्या सोबत्याने झेलून आत टाकला, तरच दोन पॉइंट मिळून बरोबरी.

"घंटी, हा मुद्दाम चुकव!" कोच ओरडला.

सगळ्या टीमचा जीव भांड्यात पडला. काम अगदी योग्य माणसाकडे आलं होतं. त्यालाही कित्येक दिवसांनी हात हलका वाटला. चुकण्याची भीतीच नव्हती. त्याने बॉल फेकला.

रिंगला न शिवता तो अलगद जाळीतून खाली आला.



टीमचे सगळे पाठीराखे डोक्याला हात लावून बसले होते, एकटी आई खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटत होती, "सांगत नव्हते मी!"