रोखून धरलेल्या सूचना

खेळणाऱ्याचा रसभंग होऊ नये, म्हणून आमचं सुरक्षा सॉफ्टवेअर खेळ चालू असताना धोक्याच्या सूचना रोखून धरतं आणि खेळ संपला की दाखवतं. ही सोय मीच केलेली.

दुपारचं ऊन टेबलावर सांडलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: ‘खेळ चालू आहे. रोखलेल्या सूचना: एक.’

मी काहीच खेळत नव्हतो. होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. अक्षरं तशीच.

मी उठलो. दोन. खिडकीपाशी गेलो. तीन. परत येऊन बसलो, तर आकडाही मुकाट बसला.

“ताई, काय भानगड आहे ही?” शेजारच्या टेबलावर चाचण्या घेणाऱ्या ताईंना मी विचारलं.

“भानगड कसली? डोळे बघा तुमचे. घरी जा आज,” त्या हसल्या.

मी बॅग उचलली. चार. खोली पाण्याखाली असल्यासारखी मऊ, संथ झाली होती. दार उघडून स्क्रीनकडे वळून पाहिलं. पाच.

“अहो, थांबा!” ताईंचा आवाज एकदम बदलला. “तुम्ही जिन्याकडे वळलात आणि आकडा पळत सुटलाय!”

मलाही थांबायचंच होतं. पाय मात्र दुसऱ्याच कुणी खेळवावेत तसे एकेक पायरी उतरत राहिले.