शिकवणीची गाडी

पोरीने गाडीतली रबरी मॅट सरांच्या पायाशी आपटली.

"हे काय?" फाटकाच्या बिजागरीत तेल सोडता सोडता सरांनी विचारलं.

"तुमची लबाडी."

"मला तर मॅट दिसतेय."

"लबाडी मॅटच्या खाली होती! ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे पत्र्याला भोकं आहेत, रबराची बुचं ठोकून बुजवलेली. मेकॅनिकला दाखवली तर तो पोट धरून हसला. म्हणे, ताई, इथे दुसरा ब्रेक होता, दुसरा क्लच होता. ही ड्रायव्हिंग स्कूलची गाडी. हिचा क्लच म्हणजे सार्वजनिक नळ, आल्यागेल्याने पिळलेला! आणि विकताना तुम्ही मला काय सांगितलंत? एकच मालक!"

"एकच. मीच."

"आणि पाय किती जणांचे?"

सरांनी बिजागरीत तेलाचा आणखी एक थेंब सोडला. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "उन्हात नका भांडू गं, आत येऊन भांडा."

पण पोरीला बसायला वेळ कुठे होता? उद्या सकाळपासून तिला या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे होते आणि लॅबला पोचवायचे होते. लॅबवाल्या बाईंनी काम दिलं ते एका अटीवर. गाडी रस्त्यात बंद पडली की काम बंद. नमुन्यांची पेटी नीट बसते का बघायला म्हणून तिने मॅट उचलली, आणि तिथेच तिचं डोकं सटकलं.

"सुरू व्हायच्या आधीच माझं काम बुडायचं. तुमचं ते भंगार परत घ्या."

इतका वेळ सर मान खाली घालून ऐकत होते. आता त्यांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

"काय म्हणालीस?"

"भंगार."

"चल, बस गाडीत."

तिने चावी पुढे केली.

"मला कशाला? तू चालव."

पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ म्हणजे शिकाऊंचा कर्दनकाळ. रस्ता अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. अर्ध्या चढावर सर म्हणाले, "थांब इथे. हॅण्डब्रेक ओढ. इंजिन बंद कर."

"वेड लागलंय का? मागे बस आहे!"

"म्हणूनच."

आरशात बसचं नाक मोठं मोठं होत गेलं आणि अगदी पाठीशी येऊन थांबलं. गाडी वीतभर मागे घसरली असती तरी कल्याण होतं. पोरीचे डोळे आरशावरून हलेनात. सर मात्र समोरच्या काचेशी बोलल्यासारखे बोलत होते.

"लोकांनी हिला तिसऱ्या गियरमध्ये उचललं. हॅण्डब्रेक ओढलेला, तशीच बाजारभर फिरवली. एका डॉक्टरीणबाईंनी रिव्हर्समध्ये कचराकुंडीला साष्टांग नमस्कार घातला. क्लच बदललाय, ते लपवत नाही. तो चपलेच्या टाचेसारखा, झिजायलाच असतो. पण इंजिनाला पाना लागलेला नाही. लोकांनी हिला बंद पाडलं, ही आपणहून कधी पडली नाही. नव्या गाड्या लाडात वाढतात, कुठे रुसतील सांगता येत नाही. हिचं रुसून झालंय सगळं."

"मग विकताना तोंडाला कुलूप का घातलंत?"

सरांनी डॅशबोर्डवरची धूळ बोटाने पुसली.

"पहिला आला त्याला खरं सांगितलं होतं. त्याने दारसुद्धा उघडून बघितलं नाही. टायरला लाथ मारली आणि म्हणाला, भंगार. मला ते परत ऐकायचं नव्हतं." मग हळूच म्हणाले, "चुकलंच. तुला सांगायला हवं होतं."

मागून बसने कान फाटेल असा हॉर्न मारला.

"चालू कर," सर म्हणाले. "मागे घसरली तर गाडी माझी. आत्ताच्या आत्ता."

तिने चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन बोललं. क्लच अर्ध्यावर आला तशी बॉनेटने किंचित मान उचलली. हॅण्डब्रेक सुटला आणि गाडी तसूभरही मागे न येता वर निघाली, कोणीतरी बोट धरून नेल्यासारखी. पोरगी हसली नाही. पण पुढच्या वळणावर तिने गियर टाकला तो घरच्या कपाटाचा खण लोटावा इतक्या सहज.

टाकीपाशी रस्ता रुंद झाला. बस शेजारी येऊन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला.

"सर! ओळखलं का?"

"तुला नाही. तुझ्या हॉर्नला ओळखलं. ब्रेकच्या ऐवजी तोच दाबायचास."

बसमध्ये हशा पिकला. ड्रायव्हर सगळ्यात मोठ्याने हसला. "आयला, अजून हा चढ चढते ही? मी हिचा आरसा उडवला होता. हिच्यावर हात बसला म्हणून आज हा हत्ती चालवतोय!" त्याने बसच्या पत्र्यावर थाप मारली. "पण तुम्ही विकायला काढली होती ना? कोणाच्या गळ्यात मारलीत?"

सरांनी तोंड उघडलं. पोरीकडे बघितलं. आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"गळ्यात कोणी मारली नाही," पोरगी म्हणाली. "मी बघून घेतलीय, चालवून घेतलीय. आणि तुमची बस जरा लांब घ्या. आरसा माझा आहे आता."