टेकडीवरची हाक

बातान बेटावर टेकडी उतरताना सोबत्याला नावानं हाक मारतात, नाहीतर त्याचा जीव वरच रेंगाळतो. अदेलानं नवऱ्यासाठी हाक मारली, "फेर्मिन, चल घरी!"

फेर्मिननं मात्र दात काढले. "तुझा राहू दे वरच. घरातली कटकट तरी संपेल."

"चेष्टा पुरे. मार ना रे हाक!" ती रडकुंडीला आली. तो शीळ घालत उतरू लागला.

थोड्या वेळानं ती मुकाट त्याला ओलांडून पुढं झाली. वारा फेर्मिनला धड उभं राहू देईना. अदेलाच्या इरल्याची मात्र एक पातही हलत नव्हती.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मागं वळून तो ओरडला, "अदेला, चल घरी!"

"आले रे!" माथ्यावरून तिचा आवाज आला. "पण तुझ्यापुढं ती कोण?"

पुढं चालणारी थांबली.