साक्षीदाराला काही विचारायचंय?

मार्लिस रांगेत उभी दिसली ना, तेव्हा व्हर्लिन हॅगेडॉर्नला आधी वाटलं, आपण ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरी विसरलो, त्या द्यायला ही आली. बायकोच ती त्याची. पण ती साक्षीदारांच्या रांगेत होती. गावाहून राजधानीपर्यंत एकटी गाडी चालवत आलेली, न सांगता, पर्स पोटाशी धरून.

व्हर्लिन म्हणजे बिलावर लोकांच्या साक्षी ऐकणाऱ्या समितीचा चेअरमन. जन्मभर गावात विमे विकले, माणसांचे, गाड्यांचे, गारपिटीत झोपणाऱ्या मक्याचे, आणि त्याच ओळखींवर राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या विधिमंडळात, निवडून आला. आज समोर बिल होतं, मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं करायचं. हॉल लेदर जॅकेटवाल्यांनी गच्च, सगळे विरोधात, आणि चेअरमनसाहेबही विरोधात, हे काही गुपित नव्हतं. मार्लिसच्या आधी एक दाढीवाला बोलून गेला, की साहेब, माझ्या गाडीचा विमा तुम्हीच काढलात, डोक्याचा काढा म्हटलं तर म्हणालात आत काही नाहीये. हॉल हसला. व्हर्लिनही हसला, आणि हसता हसताच त्याला ती दिसली होती.

आता नियम असा, की साक्षीदारानं नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि आपण कुणाच्या वतीनं बोलतोय तेही सांगायचं. व्हर्लिननं तिलाही तेच विचारलं, सगळ्यांना विचारतो तसं, फक्त वर न बघता.

तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाली, "डॅरिनच्या वतीनं."

डॅरिन त्यांचा मुलगा. मागच्या उन्हाळ्यात मोटरसायकलवरून पडला आणि गेला, डोक्यावर काही नव्हतं. त्या जॅकेटवाल्यांना हे माहीत होतंच, त्यातले निम्मे त्याच्या शवपेटीमागे गाड्या घेऊन आले होते.

आणि घरी काय व्हायचं, मार्लिसनं डॅरिनचं नाव काढलं रे काढलं की व्हर्लिन उठून गॅरेजमध्ये जायचा. तिथे काहीतरी ठोकत बसायचा. ती जेवण झाकून ठेवायची. तेव्हापासून असंच. पण चेअरमनला साक्ष अर्धी टाकून उठता येत नाही, आणि हे तिला नीट माहीत होतं.

ती रडली-बिडली नाही. हळू आवाजात सांगत गेली, हॉस्पिटलचं, त्याचे एका बाजूचे केस काढले होते त्याचं, तो तिला ओळखत होता त्याचं. हेल्मेटचं म्हणशील तर एकच वाक्य. शेजारचा सिनेटर व्हर्लिनच्या कानाशी येऊन म्हणाला, मी सांभाळतो इथलं, तू जा बाहेर. व्हर्लिननं मान हलवली, नाही. बसून राहिला, टेबलाची कड धरून.

वेळ संपली. मार्लिस वळायला लागली. मग व्हर्लिननं नेहमीचं विचारलं, समितीत कुणाला साक्षीदाराला काही विचारायचंय का. कुणालाच नव्हतं. कोण काय विचारणार?

"मला विचारायचंय," व्हर्लिन म्हणाला.

ती थांबली. त्यानं माइक जवळ ओढला.

"शेवटी तो काही बोलला का, मॅडम?"

बायकोला मॅडम म्हणाला तो, आणि कुणालाही हसू आलं नाही.

"विचारत होता," ती म्हणाली, "बाबा निघाले का."

डॅरिन गेला त्या संध्याकाळी व्हर्लिन याच इमारतीत होता. मतदान चालू होतं. तिचा फोन आला तेव्हा म्हणाला होता, एवढं एक मत टाकतो आणि लगेच निघतो.

"मग तू काय सांगितलंस?"

"निघालेत म्हटलं."

व्हर्लिननं स्वतःच्या माइकवर हात दाबून धरला. पण तिचा माइक चालूच होता.

"तर म्हणाला, मग वेळ लागेल, आई. बाबा गाडी हळू चालवतात."