सातवी ओटी

बॉयलरच्या तांब्याच्या नळीचं तापमान एकशे चाळीस अंश असतं, पण मैत्रेयीने हात टेकला की ती कोमट होते. दारव्ह्याजवळची ही कापसाची जुनी जिनिंग अजून वाफेवर चालते, तेही कोळशाशिवाय. मैत्रेयीच्या जन्माच्या वर्षी तिच्या वडिलांनी, डोमाजींनी, गावच्या डोहातल्या सात जलदेवतांपैकी एक आसरा या बॉयलरमध्ये कोंडली. त्याच वर्षी तिची आई बाळंतपणात गेली, असं ते सांगतात.

गावातल्या बाया दरवर्षी सात आसरांसाठी डोहात खण-बांगड्यांच्या सात ओट्या सोडतात. गेली सतरा वर्षं सहा बुडतात आणि सातवी काठाला परत येते.

यंदाही ती आली. मैत्रेयी ओला खण घेऊन बॉयलरपाशी गेली आणि तिने व्हॉल्व्हला पाना लावला.

"ठेव तो पाना," डोमाजी म्हणाले. "वाफ गेली तं जिनिंग बंद पडंल, पोरी."

"पडू द्या."

"आन् तू? लहानपनी या नळीले चिपकल्याबिगर झोपे नाई तू."

मैत्रेयीने नळीला गाल लावला. नळी कोमट झाली.



"म्हनूनच, बाबा. आईले आता घरी जाऊ द्या."