बाबांचा रिपोर्ट

मुलाने रिपोर्ट लॅबच्या काउंटरवर आपटला. "हे माझ्या बाबांचं रक्त नाही! बाटली बदललीत तुम्ही."

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी मास्क वर ओढला. "दोनदा तपासलंय. या विषाणूच्या तापात लिम्फोसाइट्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, घटतात, पण इतक्या? शिवाय सूज दाखवणारा आकडा भलताच चढलाय. संसर्ग छातीत उतरत असणार. आजच्या आज दवाखान्यात हलवा."

"अहो, कुणाला हलवू? परवापासून ताप नाही. सकाळी चहा गार होता म्हणून घर डोक्यावर घेतलं त्यांनी!"

"हिमोग्लोबिनही पुरुषाच्या मानाने कमीच आहे," त्या पुटपुटल्या.

"बघा! मी तेच बोंबलून सांगतोय."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. या एका तपासणीसाठी त्याने किती डोकेफोड केली होती! सुई म्हटली की बाबांसारखा धिप्पाड माणूस हात पाठीमागे लपवायचा. 'मी ठणठणीत आहे' हे त्यांचं पालुपद. बापलेकांची चांगलीच जुंपली, तेव्हा आई मध्ये पडली. ती जन्मभर नर्स. निवृत्त झाली तरी घरातल्यांच्या शिरा तिच्याच ताब्यात. "तू बाहेर थांब, मी काढते," म्हणाली, आणि थोड्या वेळाने भरलेली बाटली त्याच्या हातात ठेवली. तिच्या मेहनतीची या दीडशहाण्यांनी माती केली.

"नवीन नमुना आणा," बाई म्हणाल्या. "पण हे रक्त ज्याचं कुणाचं असेल, त्याच्याकडे वेळ नाही."

"मग त्याला शोधा ना! इथे बसून मला काय शिकवता?"

तणतणत तो घरी आला. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते.

"आई कुठंय? तुमचं रक्त पुन्हा काढायचंय."

"हळू बोल. आत पडलीय. उठवतच नाही म्हणते. माझी उस्तवार करून दमली बिचारी."

"त्या लॅबवाल्यांना सोडणार नाही मी. कुणा मरायला टेकलेल्याचं रक्त तुमच्या नावावर खपवलंय."

बाबांनी पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता.

"मी हातच लावू दिला नाही रे तिला," ते म्हणाले. "'माझंच भरून देते, रिपोर्ट चांगला आला की तो गप्प बसेल,' म्हणाली."